परतीचं पान

६ एप्रिल

पोचले एकदाची. महू ते इंदूर म्हणजे काय, बसमध्ये एक झपकी काढली की झालं. पण आईने डबे असे बांधून दिले जसं काय मी बॉर्डरवर चाललेय. बाबा स्टँडवर सोडायला आले. आपल्या घरात पणजोबांपासून सगळे फौजेत, तू पहिली जी कागदावर लढणार, असं काहीतरी बोलून त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. रडत असतील तर असोत. मी नाही रडले. मी खूश आहे यार. नोकरी लागली, आणि तीपण लिहिण्याची!

जुन्या इंदुरात एका नमकीनवाल्याच्या गोदामावर आमच्या मालकांचं, अप्पासाहेबांचं ऑफिस आहे. मधल्या मजल्यावर मला खोली दिलीय, नोकरीसोबत फुकट. भिंतींना लसणाच्या शेवेचा वास येतो. ऑफिसच्या वर गच्ची, जाड चुना मारलेली, दुपारी तिच्याकडे बघवत नाही.

इथे गाइडबुकं बनतात, मराठीत. मला वाटलं होतं हा धंदा कधीच मेला असेल. पण नाही, रिटायर्ड मंडळींना मोबाईलपेक्षा हातातलं पुस्तक भरवशाचं वाटतं. अप्पासाहेबांचे पूर्वज होळकरांच्या दफ्तरात होते, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. नकाशे मनीष काढतो, त्याला सगळे मनीष भिया म्हणतात, भिया म्हणजे इंदुरी भैया. तो मला पहिल्या मिनिटापासून संबोधीजी म्हणतोय, अर्धा टिंगलीत. प्रुफं शैलजाताई बघतात. त्या हसत नाहीत.

पुस्तक ओमानचं आहे, तिथल्या रुब अल-खाली वाळवंटाचं. या नावाचा अर्थच रिकामा प्रदेश. ते बहुतेक लिहून झालंय. लिहिणारा मुकुल, शैलजाताईंचा धाकटा भाऊ, तो सध्या फील्डवर आहे म्हणे. मला फक्त शेवटचं प्रकरण लिहायचंय.

मी क्रियापदं नसलेली कादंबरी लिहितेय, हे इंटरव्ह्यूत सांगितलं होतं. अप्पासाहेबांनी आज सगळ्यांसमोर ते काढलं. म्हणाले, बाई, आमच्याकडे नुसती क्रियापदंच असतात. निघा, वळा, थांबा, प्या. सगळे हसले. मीपण.

८ एप्रिल

या ऑफिसची एक भारी पद्धत आहे. कुठलीही वाट छापायच्या आधी गच्चीवर चालून बघतात. मनीष भिया चुन्यावर कोळशाने नकाशा आखतो. एकाच्या डोळ्यांवर गमछा बांधतात, दुसरा मजकूर मोठ्याने वाचतो. सरळ चला. डाव्या हाताला पडकी भिंत लागेल. तिथून उजवीकडे वळा. माणूस बरोबर जागी पोचला तर मजकूर पास, कठड्याला धडकला तर नापास. आणि हे भर उन्हातच करायचं. वाळवंटाचं पुस्तक पंख्याखाली तपासलं तर माणसाला तहान कुठे लागते ते कळत नाही, असं अप्पासाहेबांचं म्हणणं.

आज मला चालवलं. जैसलमेरच्या जुन्या पुस्तकातली वाट होती, अप्पासाहेबांनी तरुणपणी स्वतः उंटावर फिरून लिहिलेली. काय सांगू, गमछ्याच्या आत मला खरंच ती भिंत दिसली! बकऱ्यांचा वास आला. गमछा सोडला तर मी बरोबर नकाशातल्या तलावावर उभी. टाळ्या झाल्या. मनीष भियाने थंडगार शिकंजी पाजली.

मी सहज विचारलं की परत कसं यायचं, ते तर लिहिलंच नाही. अप्पासाहेब म्हणाले, ज्याला जाता येतं त्याला येता येतं. आजवर आपल्या एकाही पुस्तकात परतीची वाट छापलेली नाही, तेवढ्या जागेत एक किल्ला बसतो. मनीष भिया मान खाली घालून ग्लास धुवायला गेला. शैलजाताई जिना उतरून गेल्या. मी काही चुकीचं बोलले का?

१५ एप्रिल

काल भीमजयंती, महूला जाऊन आले. घसा बसलाय, पाय दुखतायत, मन भरलंय. आज परत ऑफिस.

मुकुलचा मजकूर वाचून संपवला. अरे देवा! अशा पुस्तकात जे जे असतं ते सगळं आहे. विहीर. विहिरीवर वाकलेलं खजुराचं झाड. झाडापाशी काळा तंबू, तंबूत पाहुण्याला चहा पाजणारा म्हातारा, ज्याच्या सुरकुत्यांत म्हणे वाळवंटाचा इतिहास आहे. वर उंटांची रांग. माणसाने वाळवंट बघितलंय की कॅलेंडर?

शेवटचं प्रकरण म्हणजे शैलजाताईंना माझ्याकडून फक्त एक पान हवंय. परतीचं. वाळवंटाच्या मध्यापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून बाहेर. अप्पासाहेबांचा नियम त्यांनी एकाच पुस्तकापुरता मोडून घेतलाय, कसा ते कुणी सांगत नाही. मी बोलले, तीच वाट उलटी लिहायची, तुम्हीच लिहा ना. त्या बोलल्या की खूप वेळा लिहून बघितली, माझं लिहिलेलं उभं राहत नाही. मी बोलले की मग मुकुलला येऊ द्या, तो लिहील. हातातून पडलेल्या काचेच्या ग्लासाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

जेवणानंतर त्या रोज छत्री घेऊन गच्चीवर जातात आणि मुकुलचं प्रकरण मोठ्याने वाचतात. आज मी मागोमाग गेले. विहिरीवर थांबा. पोटभर पाणी प्या. तंबूत सावली आहे, ऊन उतरेपर्यंत पडून राहा. लहान पोराला घास भरवतात तसा आवाज. आणि मनीष भियाने आखलेल्या ओमानच्या नकाशात विहीर आहे तिथे चुन्यावर ओले पाय उमटलेले. अनवाणी, मोठे, बाप्याचे. मी बघता बघता वाळून गेले.

टाकी गळते, असं त्या बोलल्या. टाकी तर दुसऱ्या कोपऱ्यात आहे.

२० एप्रिल

आज मी एक खरं काम केलं.

परतीचं पान लिहायला बसले आणि लिहवेना. या असल्या वाटेवरून परत यायचं म्हणजे पुन्हा त्याच विहिरीवर, त्याच म्हाताऱ्याच्या सुरकुत्यांवर. मग मी मुकुलचं प्रकरणच उघडलं. झाड काढलं. तंबू काढला. म्हातारा, चहा, उंट, सगळे काढले. विहीर काढताना थोडी थांबले, मग तीपण काढली. त्या जागी माझी पानं घातली. काहीच नसलेली पानं. पहिलं वाक्य: इथे कशाचीच खूण नाही. मग नुसती वाळू, पान उलटावं तर वाळू, वाचणाऱ्याने हातातलं पुस्तक झटकावं अशी वाळू. आजवर लिहिलेलं माझं सगळ्यात चांगलं. मी काही चोरलं नाही, साफसफाई केली. हे शहर तर साफसफाईचंच खातं.

अप्पासाहेबांना वाङ्मयाशी घेणंदेणं नाही, पण अख्खा सोळा पानांचा फर्मा वाचला म्हणून खूश झाले. मनीष भिया कुरकुरला की शैलजाताईंना विचारायला हवं होतं. त्या आज नव्हत्या. खजरान्याला गेल्या होत्या गणपतीला नवस बोलायला, भाऊ लवकर घरी यावा म्हणून. अप्पासाहेब म्हणाले, दुकान माझं आहे की तिचं? नवीन प्रूफ निघालं. जुनं त्याच वेळी फाडायचं हा इथला कायदा, नाहीतर चुकीचं पान प्रेसला जातं. फाडलं. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली आणि घेऊन गेली.

२१ एप्रिल

दुपारी माझ्या खोलीत शैलजाताईंचा वाचण्याचा आवाज येत होता. मध्येच थांबला. मी वर गेले.

त्या विहिरीच्या जागी उभ्या होत्या. चुना कोरडा. हातात नवीन प्रूफ. मग त्यांनी जुना मजकूर तोंडपाठ म्हटला, एकदा, दोनदा. विहिरीवर थांबा. पोटभर पाणी प्या. काही उमटलं नाही. मी तोवर कौतुकाची वाट बघत होते, असली मी मूर्ख.

त्यांनी हळू आवाजात विचारलं की झाडपण काढलंस का. मी हो बोलले. तंबू? हो. सावलीची एक ओळ तरी ठेवली असशील? मी कारण सांगायला लागले, घिसंपिटं, कॅलेंडर वगैरे. त्या तापलेल्या चुन्यावर बसल्या. तळवे भाजत असतील, तरी उचलले नाहीत. म्हणाल्या, पोरी, तुला चांगलं लिहायचं होतं. त्याला पाणी प्यायचं होतं.

२३ एप्रिल

आज ऑफिसात कुणी माझ्याशी बोललं नाही. संध्याकाळी मनीष भियाला रस्त्यात गाठलं. तो पानवाल्याकडे उभा होता, आधी तर टाळायला लागला. मग बोलला. त्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

मुकुल ओमानला गेलाच नाही. अरे संबोधीजी, कायका ओमान, त्याचा पासपोर्टपण नव्हता. अप्पासाहेब कुणाला पाठवत नाहीत. पोराने नेटवरचे फोटो बघून सगळं खुर्चीत बसून लिहिलं. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर चालून बघायची वेळ आली. चालणारा तोच, वाचणाऱ्या शैलजाताई. त्यांनी शेवटची ओळ वाचली, आता तुम्ही वाळवंटाच्या मध्यावर उभे आहात. आणि गमछा खाली पडला. गाठ तशीच बांधलेली. आत माणूस नाही.

बाहेर सांगितलं की मस्कतला नोकरी लागली. त्यांची आईपण तेच समजते.

मनीष भियाचं म्हणणं असं की जैसलमेरच्या मजकुरामागे खरं जैसलमेर उभं आहे, म्हणून डोळे उघडले की माणूस गच्चीवर असतो. मुकुलच्या मजकुरामागे कुणी गेलेलं नाही. तिथे फक्त लिहिलेलं आहे, तेवढंच. त्याने विहीर लिहिली होती, म्हणून तो जिवंत राहिला. परतीची वाट लिहिली नव्हती, म्हणून अडकला. ताई रोज वाचायच्या, रोज तो पाणी प्यायचा. आणि आप वहाँ झाडू मार आईं, असं तो एकदम हिंदीत बोलला आणि थुंकला.

मी हसले. तो हसला नाही.

२६ एप्रिल

नुसतं तोंडपाठ चालत नाही, कागदावर लागतं, म्हणून शैलजाताईंनी प्रुफात विहीर परत घातली. शब्दाला शब्द, झाड-तंबूसकट. मला वर बोलावलं, बघ म्हणाल्या.

त्यांनी वाचलं. चुन्यावर विहिरीच्या जागी ओलं वर्तुळ उमटलं. एकदम गोल, थाळीएवढं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पाणी आहे. पण पाय नाहीत. त्या वाचत राहिल्या, या, थांबा, प्या. कुणी आलं नाही.

मग पश्चिमेच्या कठड्याकडून आवाज आला. घासल्यासारखा. माझी पानं तिकडे जातात, मनीष भियाने नकाशात तो सगळा भाग कोरा ठेवलाय. विहीर नाहीशी झाली तेव्हा तो शोधत शोधत पुढे गेला. माझ्या पानांत.

मी गुडघ्यावर बसून चुन्याला कान लावला. कान भाजला. खाली कुणाची तरी जीभ टाळूला चिकटत होती आणि सुटत होती.

२८ एप्रिल

माझ्या खोलीचा नळ कोरडा. वरून कॉक बंद केलाय. शैलजाताई जिन्यात उभ्या होत्या, विचारलं, कसं वाटतं? खालून बाटल्या आणायला गेले तर नमकीनवाला म्हणाला, वरच्या मॅडमनी सांगितलंय की तुम्हाला काही द्यायचं नाही. हँडपंपावर जाऊन प्यायले.

नोकरी सोडते म्हणून अप्पासाहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला. पुस्तक प्रेसला जायचंय, म्हणाले, परतीचं पान लिही आणि जा. मी विचारलं की मुकुलचं काय. ते म्हणाले, कुणी फारच विचारलं तर सांगता येईल, दोन लेखक होते, दोघं मिळून पळाले. तुम्हा लोकांचं काय, कुणीपण विश्वास ठेवेल.

तुम्हा लोकांचं. कुठले लोक, ते मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

बॅग भरली. जिन्यापर्यंत गेले. वरून तो आवाज. बॅग ठेवली. मीच काढलीय ना त्याची विहीर.

३० एप्रिल

माझ्या पानांत विहिरी लिहिल्या. जागोजागी. दोर, बादली, सावली, सगळं. शैलजाताईंनी वाचल्या. गच्चीभर ओली वर्तुळं, देवीच्या फोडांसारखी. घासण्याचा आवाज त्यांच्यामधून गेला. अगदी शेजारून गेला. थांबला नाही.

त्याला दिसत नाहीयेत. इथे कशाचीच खूण नाही — ही ओळ त्या दिवशी नवीन प्रुफातून आधीच वाचली गेलीय. किती आवडली होती मला. ती खोडली, पुन्हा वाचून घेतलं. काही फरक नाही. लिहिलेलं खोडता येतं. रिकामं खोडता येत नाही.

परतीचं पानपण लिहून बघितलं. वळा म्हणायचं तर कुठून? काहीतरी उभं पाहिजे ना तिथे. वाळूच्या टेकडीपासून वळा लिहिलं तर टेकडी उद्या सरकते.

आवाज हळू झालाय.

२ मे

शैलजाताईंनी जेवण आणलं. डाळबाफले, तुपात बुडवलेले. समोर बसून वाढलं. मला पहिल्यांदा बेटा म्हणाल्या. जास्त भीती त्याची वाटली.

म्हणाल्या, परतीचं पान जमलं. मीच लिहिलं. तिथे एक खूण हवी, खरी, डोळ्यांनी बघितलेली, म्हणजे ती उभी राहील. ती पानं तुझी आहेत, त्या पानांत तुलाच सहज जाता येईल. गमछा बांध, मी वाचते, तू जाऊन फक्त उभी राहा. तो तुला बघेल. तुला बघितलं की वळेल. मग मी दोघांचं परतीचं वाचते.

पान दाखवा म्हटलं तर नाही म्हणाल्या. चालणाऱ्याने आधी वाचलं तर चालून बघण्याला अर्थ राहत नाही. तोही इथला कायदा.

मला माहीत आहे त्या माझा तिरस्कार करतात. भाऊ नसता तर त्यांनी मला जिन्यावरून ढकललं असतं. पण आज कान लावला तर जिभेचा आवाजपण नव्हता. फक्त मध्येच एक बोट घासल्यासारखं.

आणि खरं लिहायचं तर — मला बघायचंपण आहे. मी लिहिलेलं रिकामं आतून कसं दिसतं. असं कुणाला मिळतं?

बाबांना फोन केला. जेवलीस का विचारलं. हो म्हटलं.

३ मे

ऊन डोक्यावर आलंय. मनीष भिया वर आला नाही, खाली दार लावून बसलाय. अप्पासाहेब खुर्ची टाकून सावलीत. शैलजाताईंच्या हातात एक पान. गमछा ओला करून दिलाय, गार वाटतोय. वही कमरेला खोचतेय. काही झालं तर लिहीन, लिहीत राहिले तर —

बोलावतायत.

दुपार

गमछा नाही. गच्ची नाही.

पांढरं. सगळीकडे एकसारखं. मला वाटलं होतं सुंदर असेल. सुंदर नाहीये. काहीच नाहीये. नजर टाकली की ती परत येत नाही, पुढेच पडत जाते. सावली माझ्या पायांखाली, बाहेर निघतच नाही. ऊन सरकत नाही. आम्ही सगळं दुपारीच तपासलं ना —

आवाज येतोय. वरून. शैलजाताई वाचतायत. त्या म्हणाल्या तशी उभी आहे.

दुपार

तो आला.

आधी मला दगड वाटला. चार पायांवर येत होता. ओठ नाहीत, म्हणजे आहेत, पण आत ओढले गेलेत. हाताची बोटं झिजलीत. मी हाक मारली, मुकुल, मुकुल भिया, मी संबोधी, ताईंनी पाठवलंय. त्याने बघितलं. माणसाकडे बघतात तसं नाही. मैलाच्या दगडाकडे बघतात तसं.

आणि वरून ताईंचा आवाज, घास भरवल्यासारखा —

परतीच्या वाटेवर एक मुलगी उभी दिसेल. पिवळी ओढणी, हातात वही. ती हलत नाही. ती नेहमी तिथेच असते. तिच्या डाव्या हाताकडे वळा. थोडं चाललं की पांढरी गच्ची लागते.

तो वळला. माझ्या डाव्या हाताकडे. उठून उभा राहिला आणि चालायला लागला.

मी मागे जायला पाऊल उचललं. उचललंच गेलं नाही.

ओरडले. ताई, आणि मी? माझं वाचा. दोघांचं म्हणाला होतात.

वर खोकला ऐकू आला. पुरुषाचा. मग ताईंचं रडणं. बादली ओतल्याचा आवाज. अप्पासाहेब काहीतरी म्हणाले, हेच छापा म्हणाले. मग जिन्यावर पावलं. खाली, खाली.

गच्चीच्या दाराला कडी.

दुपार

पाय सुटले. वाचन थांबलं की सुटतात. चालले. कुठे ते माहीत नाही. खूप चालले. तोंडात जीभ मोठी झालीय.

स्वतः लिहून बघितलं. इथे पाणी आहे. मोठ्याने वाचलंपण. काही नाही. आत असलेल्याने वाचून चालत नाही. बाहेरून कुणीतरी —

मग एकदम परत तिथेच. उभी. ओढणी नीट खांद्यावर. वही हातात. कुणीतरी बाहेर पुस्तक वाचलं.

दुपार

छापलं. छापलं त्यांनी. विकलं जातंय.

एक जोडपं गेलं, म्हातारं, टोप्या घातलेलं. घरी सोफ्यावर वाचत असतील, इथे चालत होते. डोळे मिटलेले. मी हात पकडायला गेले, हात निघाला नाही. बाई म्हणाली, अगंबाई, ही बघा ती मुलगी. माझ्या डावीकडे वळले. मी म्हटलं, काकू, महूला बाबांना सांगा. चांगदेव नाव. फौजी बँडवाल्यांच्या लाइनीत कुणालाही — गेले.

मग अजून. मग अजून. ग्रुपच्या ग्रुप. सगळे वळतात. सगळे पोचतात घरी.

वाचून झालं की पाय सुटतात. मी पळते. कुणीतरी पान उघडतं. परत उभी.

दुपार

ओढणीचा रंग गेला. आता पांढरी. कुणीतरी वाचलं. परत पिवळी.

घाम येत नाही आता

आई

दुपार

आज कुणीतरी हळू वाचतंय. कळतं मला. पावलं थांबत थांबत येतायत. प्रत्येक ओळीवर थांबतात. ओळ नीट चाखतात, मग पुढची.

त्या थांबण्यात मी चालतेय. आजवर इतकं लांब कधीच आले नव्हते. समोर काहीतरी आहे. वाळू नाही. पांढरं, पण सरळ. कठडा असेल. चुन्याचा वास. देवा, शेवेचा वास —

तुम्ही. जे कुणी आहात. थांबा तिथेच. पान मिटू नका, उलटू नका. फक्त पुढची ओळ वाचू नका. थोडा वेळ. हात पोचतोय माझा. पुढच्या ओळीत मी परत उभी अस —